रनर बीन: माहेर काचेचे, सासर मोकळ्या हवेचे

ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या परसबागांतून फेरी मारली, तर आठ फुटी बांबूंच्या मांडवावर चढलेला, लालभडक फुलांनी डवरलेला एक वेल हमखास भेटतो. हा रनर बीन. आपल्या फरसबीचा हा चुलतभाऊ. दोघांची प्रजाती एकच, जात मात्र वेगळी. याची शेंग फरसबीहून लांब, चपटी आणि अंगाने जराशी खरखरीत असते. वेळेवर तोडली तर कोवळी नि गोड लागते, आणि चार दिवस विसरली तर दोऱ्यांनी भरून जाते. ब्रिटनमधल्या मराठी स्वयंपाकघरातही ती छान रुळते. शिरा काढून बारीक चिरायची, हिंग-मोहरीची फोडणी द्यायची आणि वर ओले खोबरे पेरायचे. फरसबीची आठवण भागवणारी भाजी तयार होते.

याच वेलाभोवती एक प्रश्न वर्षानुवर्षे फिरतो आहे: रनर बीन काचघरात लावावी का? प्रश्न साहजिक आहे. देश थंड, उन्हाळा बेभरवशाचा, आणि घरामागे सहा बाय आठ फुटांचे काचघर उभे. टोमॅटो आणि काकडी आत सुखाने वाढतात, मग शेंगेलाच बाहेर गारठ्यात का ठेवायचे? उष्ण देशातून आलेल्या आपल्यासारख्यांना तर ऊब म्हणजे पीक हे समीकरण रक्तातच भिनलेले असते. म्हणून हौसेने वेल आत लावला जातो. तो महिनाभरात छताला टेकतो, भरभरून फुलतो, आणि मग सगळी फुले जमिनीवर गळून पडतात. शेंग धरतच नाही. असे का होते, त्यावर उपाय काय, आणि या वेलाच्या आयुष्यात काचघराचे नेमके स्थान कोणते, याचा हा आढावा.

डोंगरातला वेल

उत्तराची सुरुवात वेलाच्या मूळ गावापासून करावी लागते. रनर बीन, शास्त्रीय नाव फॅसिओलस कॉक्सिनिअस, हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखाचा रहिवासी. मेक्सिकोत त्याला आयोकोते म्हणतात. समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार मीटर आणि त्याहूनही उंच, ढगांच्या ओलाव्यात भिजलेल्या उतारांवर तो वाढतो. तिथले शेतकरी त्याला मक्याच्या ताटांवर चढवतात. म्हणजे हा उष्ण कटिबंधातला असला तरी उष्णतेचा भुकेला नाही. त्याला दिवसा सौम्य ऊन, रात्री गारवा, हवेत दमटपणा आणि मुळाशी ओल लागते. गारठा गोठणबिंदूपर्यंत उतरला तर मात्र तो मरतो. काचघराबद्दलचा गोंधळ इथूनच सुरू होतो. थंडीने मरतो म्हणून त्याला उष्णता आवडत असेल, असे आपण धरून चालतो.

दुसरी गोष्ट, हा वेल मुळात बहुवर्षायू आहे. जमिनीखाली त्याला जाड, कंदासारखी मुळे असतात. ब्रिटनमध्ये हिवाळ्याच्या गोठणीत ती कुजतात, म्हणून तिथे त्याला दरवर्षी नव्याने पेरतात. तिसरी गोष्ट बियाण्याची. फरसबी उगवताना डाळिंब्या वर उचलून आणते, रनर बीन त्या मातीतच ठेवते. त्यामुळे गोगलगाईने कोवळा कोंब खाल्ला, तरी खालच्या डाळिंब्यांच्या बेचक्यातून पुन्हा फुटवा येण्याची आशा राहते.

ब्रिटनमध्ये हा वेल सतराव्या शतकात आला, आणि आला तो फुलांसाठी. राजाच्या बागा सांभाळणाऱ्या ट्रेडेस्कंट घराण्याकडे या आगमनाचे श्रेय परंपरेने दिले जाते. श्रीमंतांच्या बागेत लाल फुलांचा शोभेचा वेल म्हणून तो नांदला. त्याच्या शेंगा भाजी म्हणून रुळवण्याचे श्रेय अठराव्या शतकातले फिलिप मिलर यांना देतात. १७२२ पासून जवळजवळ पन्नास वर्षे ते लंडनच्या चेल्सी औषधी उद्यानाचे प्रमुख होते. आज ज्या शेंगेवाचून इंग्रजी उन्हाळा पुरा होत नाही, ती इतक्या उशिरा ताटात आली.

फूल आणि माशी

काचघरात फुले गळतात, यामागचे पहिले मोठे कारण परागीभवन. फरसबीचे फूल स्वतःचे स्वतः फळते. कळी उमलण्याच्या सुमारास तिचे पराग तिच्याच कुक्षीवर पडतात आणि काम होते. रनर बीनच्या फुलात पराग आणि कुक्षी शेजारीशेजारी असूनही बाहेरून धक्का मिळाल्याशिवाय सहसा शेंग धरत नाही. या फुलाची नावेसारखी पाकळी शंखासारखी वेटोळे घेऊन बसलेली असते आणि कुक्षी तिच्या आत दडलेली असते. माशी डाव्या बाजूच्या पंखासारख्या पाकळीवर उतरली, की तिच्या भाराने कुक्षी बाहेर सरकते, माशीच्या अंगावरचे पराग टिपते आणि भार उतरताच पुन्हा आत जाते. मूळ डोंगरांत हे काम गुंजनपक्षीही करतात. लाल रंग त्यांच्यासाठीच.

चार्ल्स डार्विन यांना या यंत्रणेने भुरळ घातली होती. १८५७ आणि १८५८ मध्ये त्यांनी 'गार्डनर्स क्रॉनिकल' या साप्ताहिकात शेंगवर्गीय फुले आणि मधमाश्या यांच्या नात्यावर लिहिले. पुढे १८७६ च्या आपल्या ग्रंथात, जाळीखाली झाकलेल्या रनर बीनला उघड्या वेलांच्या मानाने फारच कमी बी धरते, हे त्यांनी नोंदवले. जाळीच्या जागी काच ठेवा. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे.

गोष्ट इथे संपत नाही, कारण सगळ्या माश्या सारख्या नसतात. या फुलाचा मध खोल असतो. तिथवर पोचायला लांब जिभेची बंबलबी लागते, आणि ती पुढच्या दाराने येते म्हणून परागीभवन घडते. आखूड जिभेची बंबलबी फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध चोरते. एकदा भोक पडले, की साध्या मधमाश्याही त्याच चोरवाटेने मध पितात. बेल्जियममध्ये १९८७ पासून टोमॅटोच्या काचघरांसाठी बंबलबींच्या पेट्या व्यापारी तत्त्वावर तयार होऊ लागल्या. त्या पेट्यांतली माशी नेमकी आखूड जिभेची. त्यामुळे पेटी आणून ठेवली म्हणजे प्रश्न सुटला, असे रनर बीनच्या बाबतीत खात्रीने म्हणता येत नाही. १९६८ मध्ये फ्री आणि रेसी या संशोधकांनी काचघरातल्या रनर बीनच्या परागीभवनाचाच स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. विषय केवळ हौशी बागवानांपुरता नव्हता, हे यावरून दिसते.

हाताने परागीभवन करता येते. डाव्या पाकळीवर बोटाने हलकेच दाबायचे, कुक्षी डोकावली की सोडायचे, आणि त्याच बोटाने दुसऱ्या वेलाच्या फुलाकडे जायचे. चार-सहा वेल असतील तर सकाळचा हा उद्योग आनंदाचा आहे. पण एका वेलावर शेकडो फुले येतात आणि ती रोज नवी उमलतात. घरभर पुरेल एवढी शेंग अशी मिळवायची, तर बोटे थकतील. दारे, खिडक्या आणि छताची झडप दिवसभर उघडी ठेवणे आणि दाराशी माश्यांना आवडणारी फुलझाडे लावणे हा त्याहून शहाणपणाचा उपाय.

ऊन, पाणी आणि कोरडी हवा

दुसरे कारण उष्णतेचे. पारा तिशीच्या वर गेला, की रनर बीनची शेंगधारणा ढासळते. रात्रीही उकाडा राहिला तर आणखीच. जूनच्या स्वच्छ दुपारी बंद काचघरातले तापमान ३५ अंशांवर सहज चढते. अशा वेळी माशी आत आली, तरी फूल गळायचे ते गळतेच. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी इथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ब्रिटनच्या इतिहासातला हा उच्चांक. असे उन्हाळे वाढू लागल्यावर उघड्या मांडवावरच्या वेलांचीही फुले गळताना दिसतात. बाहेरच ही अवस्था, तर काचेखालच्या वेलाची काय कथा?

तिसरे कारण पाणी. फुलांवर संध्याकाळी पाणी शिंपडले की शेंगा धरतात, हा सल्ला इंग्रजी बागवानांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. खरी तहान मुळांना असते. कळ्या दिसू लागल्यापासून शेंगा तोडून होईपर्यंत जमीन कधीही कोरडी पडू देऊ नये, आठवड्यातून दोनदा तरी खोलवर पाणी मुरवावे, आणि वर गवताचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, यातच शेंगधारणेचे मर्म आहे. जुने लोक हिवाळ्यात वेलाच्या जागी चर खणत आणि त्यात शेणखत, कुजका पाला, भाजीची देठे भरून ठेवत. हा चर उन्हाळ्यात ओलाव्याची साठवण होतो. काचघरातल्या कुंडीत अशी साठवण नसते. मोठ्या पानांचा हा वेल भर उन्हात कुंडीतली ओल दिवसाच्या आत शोषून घेतो, आणि एका दुपारचा ताणसुद्धा फुलांना पुरतो.

लाल कोळी

कोरड्या, उबदार हवेत आणखी एक पाहुणा येतो: लाल कोळी. पानांच्या मागे बारीक जाळी विणून हा रस शोषतो, पाने आधी ठिपकेदार आणि मग पितळी होतात. शेंगवर्गीय वेल त्याचे लाडके खाद्य. बाहेर पाऊस आणि वारा त्याला आवरतात, काचेखाली त्याला मोकळे रान मिळते. सोबत पांढरी माशी आणि मावाही येतात.

समाधानाची बाब अशी, की या किडींचे नैसर्गिक शत्रू हाताळण्याचे ज्ञान काचघरांतूनच वाढले. १९२६ मध्ये हर्टफर्डशायरमधल्या एका टोमॅटो बागेत पांढऱ्या माशीची काळी पडलेली पिल्ले सापडली. त्यांच्यात एन्कार्सिया नावाची इवलीशी परजीवी गांधीलमाशी होती. चेशंटच्या संशोधन केंद्राने ती वाढवून बागायतदारांना पुरवली. पुढे चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडवर फायटोसीलस हा शिकारी कोळी आढळला. लाल कोळ्याला खाण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. आज दोन्ही मित्रकीटक साध्या बागवानालाही विकत मिळतात. फवारणी केली तर हे मित्र मरतात आणि परागीभवन करणारी माशीही मरते. म्हणून काचघरात शेंग लावणाऱ्याने औषधाची बाटली कपाटातच ठेवलेली बरी. सकाळी जमिनीवर पाणी मारून हवा दमट ठेवणे, हा लाल कोळ्यावरचा पहिला आणि स्वस्त उपाय.

काचेखाली कोण नांदले?

शेंग काचघरात कधी पिकलीच नाही, असे मात्र नाही. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर उठवला, काच स्वस्त झाली आणि मोठ्या वाड्यांच्या भाजीबागांत गरम पाण्याच्या नळ्यांनी तापवलेली काचघरे उभी राहिली. तिथले बागवान ऐन हिवाळ्यात मालकाच्या ताटात हिरवी शेंग पोचवत. ती शेंग बुटक्या फरसबीची. कुंडीत मावणारी, माशीवाचून फळणारी, ऊब सहन करणारी. जुन्या बागवानांनी निवड अचूक केली होती.

तोच धडा आजही लागू आहे. काचेखाली शेंग हवीच असेल, तर वेलीची फरसबी लावावी. 'कोब्रा' हा गोल शेंगेचा आणि 'हंटर' हा चपट्या शेंगेचा वाण आतल्या लागवडीसाठी बागवानांच्या पसंतीस उतरले आहेत. चपटी शेंग रनर बीनची उणीव बरीच भरून काढते. स्पेनच्या अल्मेरिया भागात सुमारे ३० हजार हेक्टरांवर प्लॅस्टिकची हरितगृहे पसरली आहेत. तिथे होणारी हिरवी शेंगही फरसबीच्या कुळातलीच.

रनर बीनच आत हवी असा हट्ट असेल, तर वाण पारखून घ्यावा. रनर आणि फरसबी यांच्या संकरातून आलेले 'मूनलाइट', 'फायरस्टॉर्म' यांसारखे वाण माशीवाचून बऱ्यापैकी फळतात. पांढऱ्या फुलांचा 'व्हाइट लेडी' उष्णता जरा जास्त सोसतो, असे त्याचे कौतुक होते. काचघराचे छत जेमतेम दोन मीटरचे आणि साधा वेल अडीच-तीन मीटर धावणारा, म्हणून बुटका 'हेस्टिया' कुंडीसाठी सोयीचा. 'स्कार्लेट एम्परर' आणि 'पेंटेड लेडी' हे जुने मानकरी मात्र मोकळ्या मांडवासाठीच राखावेत. वाण कोणताही असो, त्याने टोमॅटोवर सावली धरायला नको. छोट्या काचघरात जागा हीच खरी संपत्ती असते.

काचघराचा खरा उपयोग

आता दुसरी बाजू. काचघर रनर बीनला नको, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. वर्षातले दोन काळ असे आहेत, की तेव्हा काचेइतके मोलाचे काही नाही.

पहिला काळ उगवणीचा. जमीन १० ते १२ अंशांपर्यंत तापल्याशिवाय बी उगवत नाही. थंड चिखलात ते कुजते किंवा उंदीर पळवतात. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत काचघरात खोल कुंड्यांत एकेक बी पाच सेंटिमीटर खोल पेरावे. पुठ्ठ्याच्या नळकांड्याही चालतात. याची मुळे सरळ खाली धावतात आणि त्यांना धक्का सोसत नाही. रोपे वीतभर झाली, की दहा-बारा दिवस त्यांना दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेवून वाऱ्याची सवय लावावी. मेच्या अखेरीस, गोठवणारी शेवटची रात्र टळली, की प्रत्येक बांबूच्या पायथ्याशी एक रोप लावावे. थेट जमिनीत पेरलेल्यापेक्षा या रोपांना शेंगा आधी येतात. जुलैच्या मध्यापासून तोडणी सुरू होते आणि दर दोन-तीन दिवसांनी शेंगा काढत राहिले, तर पहिल्या गोठणीपर्यंत चालते. एक जरी शेंग वेलावर जून होऊ दिली, तरी वेलाचे लक्ष बियांकडे वळते आणि फुले आटतात.

दुसरा काळ हिवाळ्याचा. ऑक्टोबरच्या अखेरीस वेल करपला, की त्याची कंदमुळे अलगद खणावीत, ओलसर वाळूत किंवा कोरडसर मातीत घालून गोठणार नाही अशा काचघरात ठेवावीत, आणि मेमध्ये पुन्हा लावावीत. डेलियाचे कंद जपतात, तसेच. जुन्या कंदाचा वेल बियांच्या वेलाच्या पुढे धावतो आणि लवकर फुलतो. निसर्गाने त्याला बहुवर्षायू केले आहे. काचघर त्याला तो हक्क परत देते.

राहिलेल्या जून शेंगा वाळवून दाणे काढता येतात. ग्रीसमधल्या प्रेस्पाचे 'हत्ती' दाणे, ऑस्ट्रियातल्या स्टायरियाचे ठिपकेदार केफरबोने, पोलंडचा पिएन्क्नी याश हे सगळे रनर बीनचेच दाणे, आणि युरोपात त्यांना भौगोलिक नामसंरक्षण आहे. हे दाणे कच्चे किंवा अर्धेकच्चे मात्र कधीही खाऊ नयेत. राजम्यासारखे त्यांच्यातही पोट बिघडवणारे विषारी प्रथिन असते. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, किमान दहा मिनिटे खळखळून उकळल्यावर पुढे मऊ शिजवावेत.

आपल्या पॉलिहाऊसचे काय?

महाराष्ट्रात पॉलिहाऊस उभारलेल्या शेतकऱ्याला नवे पीक खुणावते, तेव्हा हाच आढावा उपयोगी पडतो. ढोबळी मिरची स्वतःच्या परागांवर फळते, हरितगृहातल्या काकडीचे वाण परागीभवनावाचून फळ धरतात. म्हणून ही पिके प्लॅस्टिकखाली बसली. रनर बीनला यातले काहीच लागू नाही. बंबलबींचे घर भारतात मुख्यतः हिमालयात आहे. आपल्या पॉलिहाऊसची उन्हाळी दुपार या वेलाला सोसणारी नाही. शिवाय दिवसाच्या लांबीचा अडसर आहे. युरोपीय वाणांना फुलण्यासाठी लांब दिवस लागतो. जूनमध्ये इंग्लंडचा दिवस साडेसोळा तासांचा, पुण्याचा जेमतेम तेरा तासांचा. केनियात ब्रिटिश बाजारासाठी रनर बीन पिकवतात, तेव्हा विषुववृत्तावरचा बारा तासांचा दिवस वाढवायला शेतात दिवे लावावे लागतात. महाबळेश्वरसारख्या थंड जागीही आपले सर्वांत लांब दिवस नेमके धुवांधार पावसात जातात.

आपल्याकडे शेंगांचे दारिद्र्य नाही. फरसबी आहे, वालपापडी आहे, आणि भौगोलिक मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे. उसन्या वेलासाठी प्लॅस्टिक तापवण्यापेक्षा हे वाण जपण्यात अधिक पुण्य आहे. रनर बीनकडून घ्यायचे ते शहाणपण. पिकावर छप्पर घालण्याआधी त्याचे गाव विचारावे, त्याच्या फुलात कोण येते ते पाहावे, आणि ते येणारे छपराखाली येऊ शकेल का, याचा विचार करावा.

ब्रिटनमधल्या वाचकासाठी उत्तर सरळ आहे. एप्रिलमध्ये बी काचघरात पेरा आणि ऑक्टोबरनंतर कंद काचघरात जपा. आपल्याकडे लेक बाळपणी माहेरी वाढते आणि शिणली की विसाव्याला माहेरी येते, तितकेच या वेलाचे काचेशी नाते. मधले पाच महिने त्याला अंगणातला मांडव द्या, भरपूर पाणी द्या. मग जुलैच्या एखाद्या सकाळी मांडवाजवळ दहा मिनिटे शांत उभे राहा. माशी डाव्या पाकळीवर उतरेल, पाकळी दबेल, कुक्षी क्षणभर डोकावेल. तेवढ्या एका हालचालीवर अख्ख्या हंगामाची भाजी अवलंबून असते, आणि ती हालचाल बंद दाराआड होत नाही.